पुढची सीट कुणासाठी

माझ्या लेकीला टोरांटोत मुलगी झाली, तेव्हा माझी बायको बाळंतपणासाठी आधीच तिकडं जाऊन राहिली होती. मी कलबुर्गीत एकटा होतो. कलबुर्गी म्हणजे आमचं गुलबर्गा; पाटी बदलली तरी आमच्या तोंडात जुनंच नाव राहिलंय. सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेलो, सकाळी फिरून यायचं, पेपर वाचायचा, कुकर लावायचा, असं चाललेलं. लेकीचा फोन आला.

"अप्पा, आता तुम्ही या. आणि येताना आत्याला घेऊन या. तिनं बाळाला न्हाऊ घातलेलं मला बघायचंय."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आमच्या घरात मराठी बोलतात, पण हाका कन्नडमधून मारतात. अक्का आळंद तालुक्यातल्या खजुरीला असते. आमची आई गेली तेव्हा मी शाळकरी होतो आणि अक्काचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तिनं सासऱ्यांपुढं उभं राहून सांगितलं, माझा भाऊ माझ्याकडं राहील. राहिला. आळंदच्या शाळेत मी खजुरीहून जात होतो आणि डब्यात तिच्या हातची भाकरी असायची. पुढं नवरा लवकर गेला, तरी तिनं शेत सोडलं नाही. आता भाचा सगळं बघतो, म्हणजे त्याला तसं वाटतं. तूर कधी विकायची, हे अजून अक्काच ठरवते.

लेक पुढं म्हणाली, "अप्पा, आत्याची पाठ दुखरी आहे. एवढ्या लांबचा प्रवास तिला बसून झेपणार नाही. बिझनेस क्लासचं बघा ना."

मला ते एकदम पटलं. इतकं पटलं की त्या दिवशी मी दुपारची झोपही घेतली नाही. मोबाईलवर बिझनेस क्लासचे व्हिडिओ बघत बसलो. लोकांनी फार मनापासून केलेले असतात ते. सीट कशी सपाट पलंगासारखी होते, उशी कशी मऊ आहे, काचेच्या बशीत काय काय येतं. एक बाई तर नुसत्या पांघरुणावर बराच वेळ बोलत होती. मी आयुष्यभर रस्त्यांची आणि पुलांची अंदाजपत्रकं केलेला माणूस. पाच-सहा व्हिडिओ बघितल्यावर मला त्यातलं सगळं कळतं असं वाटायला लागलं.

भाड्याचं मात्र डोक्यात बसेना. साध्या सीटच्या भाड्यापेक्षा ते इतकं जास्त होतं की वरच्या फरकात खजुरीच्या शेतात मोटारीसकट नवी बोअर झाली असती. तरी मी मनाशी ठरवून टाकलं. अक्कासाठी बिझनेस क्लास, माझ्यासाठी मागची साधी सीट. जन्मात एकदा तिच्यासाठी काहीतरी करायची संधी आली होती आणि मी ती सोडणार नव्हतो.

व्हिसाच्या कामासाठी अक्का आठवडाभर माझ्याकडं राहायला आली. मी तिला शेजारी बसवून मोबाईल दाखवला. तिनं चष्मा लावला आणि पूर्ण व्हिडिओ बघितला. मग म्हणाली, "ही बाई एकटीच कोपऱ्यात कामून बसलीय?"

"एकटी न्हाई गं. प्रत्येकाला वेगळी खोली केल्यासारखं आहे. कुणाचा त्रास नको म्हणून."

"कुणाचा त्रास व्हायलाय तिला?"

मी पुढचा व्हिडिओ लावला. त्यात सीट हळूहळू आडवी झाली. अक्का जरा मागं सरकली.

"हे काय करायलंय?"

"झोपता येतं अक्का. घरच्यासारखं आडवं होऊन जायचं. तुझी पाठ दुखणार न्हाई."

तिनं चष्मा काढून डब्यात ठेवला आणि भाजी निवडायला बसली. मला वाटलं, पैशाचं मनात आलं असणार. त्यामुळं भाड्याचा विषय मी तिच्यापुढं काढलाच नाही.

दोन दिवसांनी आम्ही तिकिटाच्या ऑफिसात गेलो. बाजारात वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस आहे, तिथं एक चुणचुणीत मुलगी बसते. कन्नड, दखनी, हिंदी, समोर जे गिऱ्हाईक येईल त्याच्या बोलीत बोलते. मी तिला सांगितलं, एक सीट पुढची, एक मागची. तिनं संगणकावर बघून कन्नडमध्ये भाडं सांगितलं. ते अक्काच्या लक्षात येऊ नये म्हणून मी मान हलवून पुढं बोलायला लागलो, पण अक्काला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

अक्का त्या मुलीला कन्नडमध्ये म्हणाली, "बाळ, झोपायचं नसलं तर कमी होतं का?"

मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं नीट समजावून सांगितलं की आजी, सीट झोपायचीच असते, तुम्ही झोपा नाहीतर बसा, भाडं तेच.

"मग मला बसायची दे," अक्का म्हणाली. "खिडकीजवळची."

मी मध्ये पडलो. पाठीचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, तासांचं सांगितलं. अक्का खिडकीवरच अडून राहिली. त्या मुलीनंच शेवटी मार्ग काढला. म्हणाली, सर, आज नुसतं बघून जा, घरी बोला, उद्या या.

परत येताना आम्ही रिक्षा केली. रस्त्यात गर्दी होती आणि रिक्षा बराच वेळ एका जागी उभी होती. मी जरा रागानंच विचारलं, "अक्का, नको कामून म्हणायलीस? पैसे माझे हायत. तुझ्या तुरीचे न्हाईत."

"पैशाचं न्हाई रं तम्मा." ती बाहेर बघत म्हणाली. "आडवं होऊन मी एकदाच गेलते कुठं. आठवतं का तुला?"

मला आठवलं. मी कॉलेजात होतो तेव्हा. बैलगाडी उलटून तिच्या पाठीला मार लागला होता आणि तिला जीपच्या मागच्या बाजूला गादीवर घालून सोलापूरला नेलं होतं. मी परीक्षेला होतो, मला नंतर कळलं.

"त्या जीपमदी मला निस्तं वरचं फडकं दिसत हुतं," अक्का म्हणाली. "कुठलं गाव आलं, किती राहिलं, काही कळंना. तुझे भावजी हात धरून बसले हुते, पण त्यांचं तोंडबी नीट दिसंना. तवाच ठरवलं, परत बरी झाले तर बसून जाईन कुठंबी. आता एवढ्या लांब पहिल्यांदा जायलाव. वर आभाळात. तितं बी आडवं पडून जाऊ? मला बसून जायचंय. खिडकीतनं बघायचंय."

रिक्षा सुटली. इतके दिवस मी तिच्या पाठीचा विचार करत होतो, तिला विचारलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साध्या सीटची दोन तिकिटं काढली. अक्काला खिडकी, मी शेजारी. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडी चिडली, मग म्हणाली, "बरं, पण विमानतळावर आत्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवा. तिथं फार चालावं लागतं." तेवढं मी गुपचूप सांगून ठेवलं.

हैदराबादला भाच्यानं गाडीनं सोडलं. वाटेत हुमनाबादला चहा झाला, झहीराबादला एकदा उतरून अक्कानं पाय मोकळे केले. विमानतळावर व्हीलचेअर घेऊन माणूस आला तेव्हा अक्कानं आधी खुर्चीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"कुणाला लागलंय?"

"तुझ्यासाठीच आहे. लांब चालायचंय."

"मी रोज शेताला चालत जाते." तिनं तिची पिशवी त्या खुर्चीत ठेवली आणि आपण शेजारून चालायला लागली. तो माणूस चांगला होता. पिशवी ढकलत आमच्याबरोबर दारापर्यंत आला.

आखातातल्या एका शहरात विमान बदलायचं होतं. तिथवरचा प्रवास मजेत झाला. विमान उडालं तेव्हा अक्कानं माझा हात धरला नाही, उलट कपाळ काचेला टेकवून बघत राहिली. खालची शेतं दिसली तेव्हा म्हणाली, "बांध किती सरळ घातलेत बघ. वरनं बघितल्याबिगर कळत न्हाई." ढग आले तेव्हा नीट निरखून म्हणाली, "कापूस न्हाई. लोक म्हणतेत कापसासारखं दिसतं. दह्यासारखं हाय."

लांबचा प्रवास त्यापुढं होता. दुसऱ्या विमानात तिघांची रांग होती. अक्का खिडकीला, मी मध्ये आणि कडेला एक चांगला धिप्पाड गृहस्थ. तो बसला, पट्टा लावला, डोळ्यांवर काळी पट्टी ओढली आणि विमान उडायच्या आत झोपी गेला. त्याचा दंड माझ्या बाजूला आला होता आणि गुडघा अर्ध्या वाटेवर. माणूस वाईट नव्हता, नुसता मोठा होता.

अक्कानं प्रवासासाठी स्वतःची सोय केलेली होती. पाठीमागं ठेवायला वाकळेची घडी आणली होती. दर थोड्या वेळानं सीटपाशीच उभी राहायची, हात वर करायची, कमरेत वाकायची, परत बसायची. शेतात निंदणी करताना बायका जशी पाठ सोडवतात तशी. मला मात्र धड उभं राहायलाही जागा नव्हती. बाहेर जायचं तर त्या गृहस्थाला उठवावं लागणार.

"उठव की त्याला," अक्का म्हणाली.

"झोपलाय गं तो."

"झोपला तर झोपला. उठला की परत झोपंल."

"असू दे. मला काही होत न्हाई."

मला लोकांना उठवायला जमत नाही, हा माझा स्वभाव. नोकरीत असतानाही शिपायाला हाक मारण्यापेक्षा मी स्वतः उठून पाणी घ्यायचो. मी तसाच बसून राहिलो. जेवण आलं तेव्हा तो गृहस्थ जागा झाला, जेवला, आणि मी उठायचा विचार करेपर्यंत परत झोपला. मी पाणीही बेतानंच प्यालो, परत परत उठावं लागू नये म्हणून. अक्का एकदा बसल्या जागेवरून हात लांबवून त्याला हलवायला निघाली होती. मीच तिचा हात धरला.

टोरांटोला विमान उतरलं. लोक उठून सामान काढायला लागले. मी वाकून बूट घालायला लागलो तर पाय बुटात जाईना. मला वाटलं बूट दुसऱ्याचा आहे. परत प्रयत्न केला. घोट्यापाशी पाय असा सुजलेला की हाडच दिसेना. दुसराही तसाच. उभा राहिलो तर पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या आणि तळव्यात सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं.

अक्कानं खाली बघितलं. वाकून माझे दोन्ही बूट उचलले आणि तिच्या पिशवीत, चटणीच्या डब्याशेजारी घातले. मी मोज्यांवरच दारापर्यंत गेलो. दाराबाहेर अक्काच्या नावानं सांगितलेली व्हीलचेअर घेऊन एक बाई उभी होती. तिनं आमच्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं आणि कुणाला बसवायचं ते तिचं तिलाच कळलं.

बाहेर काचेपलीकडं लेक, जावई आणि बायको वाट बघत होते. लेकीनं नंतर सांगितलं की तिनं खुर्ची येताना बघितली आणि तिचा जीव घाबरा झाला, आत्याला काय झालं म्हणून. मग दिसलं की खुर्चीत अप्पा आहेत, मोज्यांवर, मांडीवर पिशवी घेऊन, आणि आत्या शेजारून ताठ चालत येतेय, नऊवारीवर जाड स्वेटर घालून. बायको मला एवढंच म्हणाली, "बूट कुठायत?"

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, मशीननं रक्तवाहिन्या तपासल्या. गाठ वगैरे झालेली नव्हती. पण डॉक्टर बाईंनी माझी चांगली कानउघाडणी केली. इतका वेळ न उठता बसायचं नाही, पाणी प्यायचं, घट्ट मोजे घालायचे, आणि परत जाताना पाय वर ठेवून जाता आलं तर फार बरं. तुमची साखर, तुमचं वय, हे सगळं लक्षात घ्या. जावई शेजारी बसून सगळं ऐकत होता. त्यामुळं घरी जाऊन मला त्यातलं काही गाळून सांगता आलं नाही.

सूज हळूहळू उतरली आणि तिथले दिवस फार छान गेले. अक्कानं बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. लेकीनं त्याचा व्हिडिओ केला. बाळ रडेल म्हणून सगळे धास्तावून उभे होते, पण ते अक्काच्या पायांवर ऐसपैस पडून डोळे मिटून घेत होतं. शेजारची एक बाई, ती आपल्याकडची नव्हती, ती रोज खिडकीतून हात हलवायची. अक्कानं तिला एक दिवस आत बोलावून शेंगाची पोळी खायला घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या बाईनं जाताना दोन पोळ्या कागदात बांधून नेल्या.

परत जायचे दिवस जवळ आले. बायको आणखी काही महिने राहणार होती, म्हणजे परतीला पुन्हा मी आणि अक्काच. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर लेकीनं मोबाईल उघडला.

"अप्पा, तुमची परतीची सीट बदलूया. पूर्ण प्रवासाला बिझनेस क्लास नको, नुसता लांबचा टप्पा. हैदराबादचा टप्पा साध्या सीटनं करा. बरंच कमी पडतं."

"मला?" मी म्हणालो. "मला कशाला? घट्ट मोजे घेतलेत ना. कडेची सीट घेऊ. उठत राहीन."

"तुम्ही उठणार?" बायको म्हणाली.

"उठेन की."

"आत्या, उठतील का गं?" लेकीनं अक्काला विचारलं.

अक्का बाळाची कुंची शिवत बसली होती. तिनं सुईतून नजर काढली नाही. "शेजारी कुणी झोपलं तर न्हाई उठणार."

मी बाकीची कारणं सांगायला लागलो. एवढे पैसे एका दिवसाच्या झोपेसाठी घालायचे का. शेवटी विमान तेच, पोचायची वेळ तीच. आणि मला ते बरंही दिसत नाही, मी पुढं पाय पसरून झोपायचं आणि थोरल्या बहिणीनं मागं बसायचं. गावात कुणाला कळलं तर काय म्हणतील. मी चांगला रंगात येऊन बोलत होतो.

अक्कानं कुंची बाजूला ठेवली. "तम्मा, येताना तू माझ्यासाठी तीच सीट घ्यायला निघालतास, का न्हाई?"

"हो."

"तवा परवडत हुतं?"

"तुझ्यासाठी परवडत होतं अक्का."

"आणि तुझ्यासाठी परवडत न्हाई, व्हय? पैसा तोच हाय. मी घेतली न्हाई म्हणून उरलाय. माझी पाठ दुखती म्हणून तू करायला निघालास, ते चांगलं केलास. आता तुझे पाय दुखतेत तर मी काय बघत बसू?"

बायकोनं मान खाली घातली होती, पण ती हसत होती हे खांद्यावरून कळत होतं.

"गावात काय म्हणतेत ते मी बघते," अक्का म्हणाली. मग लेकीकडं वळली. "कुठं दाबायचं?"

लेकीनं मोबाईल पुढं धरला आणि बोट दाखवलं. अक्कानं आधी पदराला बोट पुसलं आणि दाबलं.

परतीच्या विमानात आम्ही दारातच वेगळे झालो. मला डावीकडं वळायचं होतं आणि तिला उजवीकडं. मला फार चुकचुकल्यासारखं झालं. मी हवाई सुंदरीला दोनदा सांगितलं की माझी बहीण मागं आहे, तिच्याकडं लक्ष असू द्या. अक्का तोवर मागच्या गर्दीत दिसेनाशीही झाली होती.

माझी सीट म्हणजे खरंच छोटी खोली होती. इतके व्हिडिओ बघूनही तिथलं एकही बटण मला ओळखू आलं नाही. एक दाबलं तर दिवा लागला, दुसरं दाबलं तर पाठीत काहीतरी फुगायला लागलं. मी ते तसंच फुगू दिलं, कारण बंद कसं करायचं ते कळेना. पलीकडच्या सीटवर एक कोट घातलेले गृहस्थ होते, त्यांचंही तसंच चाललं होतं, हे बघून धीर आला. जेवण आलं, पांढऱ्या कापडावर. चांगलं होतं. आमच्याकडच्या जेवणाच्या मानानं अळणी, पण चांगलं होतं.

मग सीट आडवी केली आणि पाय लांब केले. पोटऱ्या टेकल्या, टाचा टेकल्या. तिथं मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही. माझ्या मनात होतं की थोडी लाज वाटेल, झोप येणार नाही, अक्काची काळजी लागेल. तसलं काही झालं नाही. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि लहानपणी माळावर कडब्याच्या ढिगात झोपायचो तसा गाढ झोपलो.

उठलो तेव्हा अर्ध्याहून जास्त वाट संपली होती. पाय बघितले. घोटे जागेवर होते. मग पडदा बाजूला करून मागं गेलो.

अक्का खिडकीशी बसली होती. शेजारच्या सीटवर तेलुगू बोलणारी एक तरुण मुलगी होती, शिकायला टोरांटोला असते, सुट्टीला घरी निघालेली. अक्कानं पुढची फळी उघडून त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे मांडले होते आणि दोघी खात होत्या. तेलंगणाच्या सीमेजवळच्या औरादकडच्या नातेवाइकांमुळं अक्काला कामापुरतं तेलुगू येतं.

"तू कामून उठलास?" मला बघून ती म्हणाली.

"झोप झाली. तुला बघायला आलो."

"पाय दाखव."

मी रांगेच्या मध्ये उभं राहून पँट थोडी वर केली. अक्कानं बघितलं, त्या मुलीलाही बघायला लावलं. "तसंच ऱ्हायलेत बघ," ती तिला म्हणाली, जणू पाय तिनंच राखले होते.

थोड्या वेळानं हवाई सुंदरीला विचारून मी अक्काला माझी सीट दाखवायला पुढं नेलं. ती सीटवर बसली नाही. पाय ठेवायला समोर जो छोटा ओटा असतो, त्यावर टेकली आणि मला म्हणाली, "तू पड बघू. कसं व्हतंय बघते." मी आडवा झालो. तिनं उशी बघितली, पांघरुणाचा कपडा बोटांत धरून चोळून बघितला, माझ्या टाचेखाली हात घालून जागा किती आहे ते बघितलं. धान्य घेताना पोत्यात हात घालून दाणे बघते, तशीच बघत होती.

"चांगलं केलंय," ती म्हणाली. "दुखणाऱ्या माणसाला चांगलं हाय. पण तितं ती पोरगी एकटी बसलीय, मी जाते." आणि पडदा बाजूला करून निघून गेली. मी परत थोडा झोपलो.

हैदराबादला उतरलो तेव्हा मी बूट घालून उतरलो. भाचा गाडी घेऊन आला होता. त्यानं पहिलं हेच विचारलं, "मामा, पुढच्या सीटवर कसं वाटलं?" म्हणजे बातमी आमच्या आधी पोचलेली होती. खजुरीत पोचेपर्यंत ती अख्ख्या गावात झाली होती, पण अक्कानं म्हटल्याप्रमाणं तिचं तिनं बघून घेतलं. कुणी काही विचारलं की ती माझ्या सुजलेल्या पायांचं असं वर्णन करायची की ऐकणारा पैशाचं विसरून जायचा.

महिन्याभरानं मी खजुरीला गेलो होतो. आळंदच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. ओळखीचे आहेत, अक्काची तूर तेच घेतात. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे आणि ते आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना तिकडं पाठवणार होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही जाऊन आलाव. ते पुढच्या सीटचं भाडं वसूल होतं का? खरं सांगा. मला रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायलंय."

मी बोलायला सुरुवात केली. लांबचा टप्पा वेगळा, जवळचा टप्पा वेगळा, असं काहीतरी. अक्का ओसरीवर हरभरा पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि हात पुढं केला. मी फोन तिच्याकडं दिला.

"कोण जायलंय?" तिनं विचारलं. पलीकडून उत्तर आलं. "आईला काय दुखतं? गुडघं? बरं. बसल्यावर दुखतेत का उठताना? मग तिला कडेची सीट दे, उठता येईल असली. तिला झोप बसून येती का? येती. मग झालं की. आणि वडलांचं काय? हां. लघवीला सारखं जावं लागतं? ते लोकांना उठवतेत का, का लाजतेत?"

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग वडलांना पुढं घाल. आईला इचार आधी, तिला एकटं बसायला चालतंय का. नको म्हणली तर दोघांनाबी मागंच कडेला घे, अन् उरल्या पैशात तितं त्यांना चार गावं फिरू दे. तुझ्या मनानं ठरवू नको. त्यांना इचार." आणि जरा थांबून, "तुरीचा भाव काय चाललाय आज?"

फोन संपल्यावर तिनं तो माझ्याकडं दिला आणि सूप परत मांडीवर घेतलं.

"काय ठरवलं त्यांनी?" मी विचारलं.

"अजून काही न्हाई," अक्का म्हणाली. "आई जेवायला बसलीय म्हणे. जेवण झाल्यावर इचारतो म्हणाला."